डावा सुळा गैरहजर

१

दुधीने कपाटाचं काचेचं दार उघडलं. डावा सुळा जागेवर नव्हता.

सुळा म्हणजे नुसता सुळा नव्हे, अख्खा जबडा. वरचा आणि खालचा, दोन्ही. दंतवैद्यकीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मुलांच्या जोड्या लावतात. याने तिच्या तोंडाचा ठसा घ्यायचा, तिने याच्या, आणि त्यात प्लास्टर ओतून एकमेकांचे जबडे बनवायचे. इतर बॅचांचे जबडे वर्षअखेरीला कचऱ्यात जातात. या बॅचचे मात्र कवळी विभागाच्या मॅडमनी काचेच्या कपाटात जपून ठेवले होते, कारण त्यांनी शिकवलेली ती पहिलीच बॅच. पहिल्या लेकरांचं कौतुक जरा जास्तच असतं.

मॅडमना मुलांची नावं कधी पाठ झाली नाहीत. त्या दातांवरून हाका मारायच्या. ज्याच्या पुढच्या दातांत फट, तो 'फट'. जिची अक्कलदाढ आडवी, ती 'आडवी दाढ'. आमच्या दुधीचा एक दुधाचा दात विशी उलटली तरी पडायचं नाव घेत नव्हता, म्हणून ती 'दुधाचा दात'. बॅचने त्याची काटछाट करून 'दुधी' केलं आणि ते कायमचं चिकटलं. पुढे ती लहान मुलांच्या दातांची डॉक्टर झाली, तेव्हा सगळे म्हणाले, दुसरं काय होणार!

आणि डावा सुळा म्हणजे गवई. त्याचा वरचा डावा सुळा रांग सोडून पुढे आलेला. तो तारेने सरळ करून घ्यायला कॉलेजात फुकट सोय होती, पण गवई म्हणायचा, "माझा सूर तिथूनच निघतो, वाटेत हात घालू नका." दिवसा दवाखाना आणि संध्याकाळी गाणं, असा त्याचा जन्म चालला होता.

दर मेळाव्याला एक रीत होती. मॅडम दातांची हजेरी घ्यायच्या. मग एकेकाने उठून आपला जबडा हातात घ्यायचा आणि आपली खुशाली सांगायची. जबडा हातात आहे तोवर मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. मुलांची लग्नं, गुडघेदुखी, नवा दवाखाना, मोडलेला संसार, सगळं त्या जबड्यांनी ऐकलं होतं.

यंदाचा मेळावा त्या खोलीतला शेवटचा. कॉलेज नव्या इमारतीत जाणार आणि ही प्रयोगशाळा पाडणार. आज चहाच्या वेळी मॅडम येणार होत्या आणि ज्याचा जबडा त्याच्या हातात देऊन कपाट रिकामं करणार होत्या. त्यांचे गुडघे आता जिने चढू देत नव्हते, म्हणून दुधी गावातलीच, या हिशेबाने त्यांनी किल्ली तिच्याकडे दिली होती. "तू जबाबदार आहेस," असं म्हणून दिली होती.

"काय गं, भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस?" मागून मुकादमचा आवाज आला.

मुकादम म्हणजे आडवी दाढ. बॅचचा ग्रुप तिच्या धाकात चालायचा. आता ती दुसऱ्या एका कॉलेजात प्राचार्य होती, पण मुकादमी तिच्या हाडातलीच. ती पुढे आली, तिने कपाटातली रिकामी जागा बघितली आणि मग दुधीकडे बघितलं.

"काल संध्याकाळी कुलूप कुणी लावलं?"

"मी."

"आणि किल्ली?"

दुधीने मूठ उघडली. किल्ली तिच्याच हातात होती.

२

काल संध्याकाळी खोली झाडायला चौघेच आले होते. दुधी, मुकादम, नकल्या आणि शेठ. बाकीची मंडळी आज येणार होती. कपाट पुसायला म्हणून दुधीने ते उघडून ठेवलं होतं आणि मध्ये ती पाणी आणायला खाली गेली होती. परत आल्यावर मोजदाद न करता तिने कुलूप घातलं. चूक झाली असेल तर एवढीच.

"म्हणजे आपल्या चौघांपैकीच कुणीतरी," मुकादम म्हणाली.

"चोरांच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या," नकल्या म्हणाला, तोही मॅडमच्या आवाजात. नकल्या दातांच्या खुर्च्या विकायचा. दवाखाना काही त्याला जमला नाही, पण खुर्ची विकताना तो गिऱ्हाइकाच्या सासूचीही नक्कल करून दाखवायचा, त्यामुळे त्याच्या खुर्च्या भराभर खपायच्या.

"थट्टा पुरे. मॅडम येतील तेव्हा काय सांगायचं त्यांना? तीस वर्षं सांभाळलं आणि शेवटच्या दिवशी हरवलं?" मुकादमने आवाज खाली आणला. "दुधी, राग मानू नकोस. त्याचा जबडा तूच बनवला होतास. तुमचं एकेकाळी जमणार जमणार म्हणत होते सगळे. आठवण म्हणून घरी नेला असशील तर आत्ताच सांग, मी निभावून नेते."

दुधीच्या कानाची पाळी तापली. तिचा नवरा, दोन मुलं, दवाखाना, सगळं कसं छान चाललं होतं. गवई आणि ती यांचं काही जमलं नव्हतं आणि त्याचं कुणाला दुःखही राहिलं नव्हतं. राहिली होती ती मैत्री. आणि एक अभिमान. तो जबडा तिने केलेला पहिला बिनचूक जबडा होता. मॅडमनी तो वर्गभर फिरवला होता.

"मी नेला असता तर सांगून नेला असता," ती म्हणाली. "शोधते. मॅडम यायच्या आत शोधते."

शेठ तेवढ्यात आत आला. हा आपला 'फट'. आता त्याच्या दवाखान्यांच्या शाखा किती, हे त्यालाही विचारून सांगावं लागायचं. दर मेळाव्याला तो शाखांची पाढ्यासारखी यादी म्हणायचा आणि नकल्या मागे बसून घोरायचा. आज शेठचे डोळे तांबारले होते.

"काय झालं?" त्याने विचारलं. मुकादमने सांगितलं. शेठ क्षणभर कपाटाकडे बघत राहिला. "मिळेल," एवढंच म्हणाला आणि खुर्च्या लावायला लागला.

मुकादमचं नाश्त्याचं नियोजन मात्र थांबलं नव्हतं. "गवई येणार का, त्याचा काही पत्ता नाही. 'बघतो' असं लिहिलंय. त्याची एक बशी धरू का?"

"धर," शेठ खुर्ची सरकवत म्हणाला. "त्याच्यासाठी काहीतरी मऊ ठेव. टोस्ट नको."

दुधी तेव्हा कपाटात डोकं घालून बसली होती. प्रत्येक जबड्याच्या जोडीला एक गुलाबी मेणाची पट्टी ठेवलेली असायची. दातांत चावून घेतलेली, वरचा जबडा खालच्यावर नेमका कसा बसतो ते दाखवणारी. मुलं तिला 'चावा' म्हणायची. मेण जुनं होऊन कडक झालेलं, कडा तुटलेल्या, दिसायला अगदी टाकाऊ. तिने गवईच्या जागेवर बोट फिरवलं.

चावा पण गेला होता.

३

"मुकादम, जरा बाहेर ये," दुधी म्हणाली.

लहान मुलांची डॉक्टर झाल्यापासून तिला एक गोष्ट कळली होती. जो पोरगा काही लपवत असतो, तो तोंड नव्हे, हात मागे घेतो. मुकादम काल संध्याकाळपासून आपली पिशवी छातीशी धरून होती.

"पिशवीत काय आहे?"

"माझ्यावर संशय? मुकादमवर?"

"तू माझ्यावर घेतलास, मी तुझ्यावर घेते. फिट्टंफाट."

मुकादमने इकडे तिकडे बघितलं आणि पिशवी उघडली. आत जबडा होताच. पण त्यातली अक्कलदाढ आडवी होती.

"काल पुसताना माझाच पडला," ती पुटपुटली. "पुढचा दात तुटला. जागा रिकामी दिसू नये म्हणून शेजारचे सरकवून ठेवले आणि रात्री बसून चिकटवला. कुणाला सांगू नकोस, मी मुलांना जबडे पाडण्यावरून दंड करते."

दुधीला हसू फुटलं, पण ती ओठ मिटूनच हसली. हल्ली ती तशीच हसायची. मुकादमने पिशवी बंद केली आणि मघाचं बोलणं आठवून तिचीच मान खाली गेली. "मघाशी जरा जास्तच बोलले गं मी."

"बोललीस. आता कामाचं सांग. मी पाणी आणायला गेले तेव्हा कोण काय करत होतं?"

"मी माझा तुकडा शोधत होते. नकल्या गाडीतून एक मोठं खोकं आत आणत होता, मला बघून त्यानं ते झाकलं आणि परत गाडीत नेलं. आणि शेठ कचरा भरत होता. आठवतं ना, त्यानं स्वतः कचऱ्याचं खोकं उचलून खाली नेलं? मी म्हटलंही, 'शेठ आणि कचरा! सूर्य कुठे उगवला?'"

नकल्याला गाठायला वेळ लागला नाही. तो गाडीशीच उभा होता आणि खोक्यावर चादर होती.

"उघड."

"अगं, संध्याकाळी उघडायचंय ते. गंमत आहे."

"मागे एकदा मॅडमची कवळी तू डब्यात लपवली होतीस. तीही गंमतच होती."

नकल्याने सुस्कारा सोडला आणि चादर ओढली. आत लाकडाची एक खुर्ची होती, बसकी, रुंद, हाताला मऊ गादी लावलेली. "मॅडमना उठता-बसता त्रास होतो. आजवर हजार खुर्च्या विकल्या, म्हटलं एक फुकट द्यावी," तो म्हणाला. त्या क्षणी तो कुणाचीच नक्कल करत नव्हता. मग लगेच डोळे बारीक करून म्हणाला, "आणि तू काय लपवतेयस? सकाळपासून एकदा दात दाखवून हसली नाहीस. फोटोतही ओठ शिवलेले. आमच्यावर संशय घेणारीच्या तोंडात काय आहे?"

"माझ्या तोंडाचं मी बघते," दुधी म्हणाली आणि वळली.

एक चोर तुकडा चिकटवणारा निघाला, दुसरा खुर्ची देणारा. राहिला एकच. पण शेठ आणि गवई यांचं तर गेली कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. "गाण्यानं पोट भरत नाही," असं एका मेळाव्यात शेठ सगळ्यांदेखत बोलून गेला होता, तेव्हापासून. गवईच्या जबड्याशी शेठला काय देणंघेणं?

४

दुधी रिकाम्या प्रयोगशाळेत बसली. जुन्या टेबलांवर मेणाचे डाग तसेच होते. प्रश्न तिने साधा करून मांडला, जसा ती रडणाऱ्या पोराच्या आईला विचारते: नेमकं काय दुखतंय?

थट्टा करणारा जबडा नेईल. आठवण जपणारा जबडा नेईल. सूड घेणारा जबडा फोडेल. पण त्या तुटक्या मेणाच्या पट्टीला कोण हात लावेल? ती पट्टी एकाच माणसाच्या कामाची. ज्याला त्या जबड्यावरून दात बनवायचे आहेत.

म्हणजे गवईला दात हवे होते. आणि तेही अगदी पूर्वी होते तसे.

तिने फोन काढला. मेळाव्याच्या आठवड्यात प्रत्येक जण ग्रुपवर खुशाली पाठवायचा. गवई कधी लिहायचा नाही. तो आपली बातमी गाऊन पाठवायचा. 'भिंत गळते, भाडेकरू छळतो' हेसुद्धा त्याने एकदा आळवून आळवून पाठवलं होतं आणि सगळ्यांची हसून पुरेवाट झाली होती. ती वर सरकत गेली. गेल्या वर्षी आवाज नव्हता, नुसतं लिहिलेलं: 'सर्व ठीक.' यंदाही लिहिलेलंच: 'सर्व ठीक. येतो का बघतो.' सोबत एक हसरा फोटो.

फोटोखाली सगळ्यांनी लिहिलं होतं, 'काय रे, म्हातारा होतच नाहीस!' तिनेही लिहिलं होतं. आता तिने फोटो बोटांनी मोठा केला. चेहरा सोडून दिला आणि फक्त दात बघितले.

माणसाचे केस रंगवता येतात. पण पन्नाशीत हिरड्या थोड्या मागे सरतात, दातांच्या कडा झिजतात, दात लांबट दिसायला लागतात. या फोटोतल्या हिरड्या भरलेल्या होत्या. कडा धारदार होत्या. डावा सुळा तर काल उगवल्यासारखा. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण ही अख्खी बॅच दातवाल्यांची आणि कुणी दातांकडे बघितलंच नव्हतं. मित्राचा फोटो बघताना कोण दात मोजतं?

फोटो जुना होता. निदान दहा वर्षांपूर्वीचा.

आवाज नाही. आजचा चेहरा नाही. आणि शेठ सकाळी काय म्हणाला होता? काहीतरी मऊ ठेव, टोस्ट नको.

ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याला काय चावतं आणि काय चावत नाही, हे शेठला कसं ठाऊक?  जबडा कुठे आहे, हा प्रश्न आता लहान झाला होता. गवई कसा आहे, हा मोठा झाला होता.

५

शेठ मागच्या जिन्यात एकटाच उभा होता. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"हात बघू."

"का? भविष्य सांगतेस?"

"भूत सांगते."

त्याने हात पुढे केला. महागडं घड्याळ, पांढराशुभ्र सदरा, आणि बाहीच्या टोकाला गुलाबी ठिपका. नखांच्या कडेलाही गुलाबी. अंगठ्याच्या बाजूला भाजल्याचा ताजा फोड.

"हे काय?"

"चहाचं पातेलं लागलं."

"पातेल्यानं बोटांची टोकं भाजतात. इथे भाजतं ते मेणाची सुरी दिव्यावर तापवताना. आपल्या सगळ्यांना दुसऱ्या वर्षी इथेच भाजलं होतं. तू मेणाला शेवटचा हात कधी लावलास रे? 'त्याला माणसं ठेवलीत' म्हणतोस ना नेहमी?"

शेठचा चेहरा उतरला. "दुधी, मला विचारू नकोस. मी शब्द दिलाय."

"मग शब्द पाळ. तू एक अक्षर बोलू नकोस. मी बोलते, चुकलं तर मान हलव."

त्याने बाही ओढून गुलाबी ठिपका झाकला.

"काल कचऱ्याच्या खोक्यातून जबडा तू नेलास, चाव्यासकट. तो गवईसाठी नेलास. त्याच्या तोंडात काहीतरी वाईट निघालं. गाठ. ती काढताना वरचा जबडा डावीकडून काढावा लागला. दात गेले, सुळा गेला, टाळूला भोक पडलं. म्हणून तो बोलत नाही, कारण बोललं की सगळा आवाज नाकातून जातो आणि काही कळत नाही."

शेठने मान हलवली नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी जमलं.

"गाठ गेली ना? पूर्ण?" एवढं मात्र तिने विचारलं.

आता शेठने मान हलवली. होकाराची, मोठी, दोनदा. दुधीने जिन्याचा कठडा धरला आणि एक लांब श्वास सोडला.

"भोक बुजवायला प्लेट लागते. तिच्यावरच दात बसवायचे. अशी प्लेट त्याला कुठेतरी मिळालीही असेल, पण ती परक्या तोंडाची असणार. टाळूच्या वळ्या जिथल्या तिथे नसल्या तर जीभ चुकते, उच्चार चुकतात. गाणं तर लांबच. ऑपरेशनआधी ठसा घ्यायला हवा होता, पण तोवर गाठीनं सगळं वाकडं झालेलं. धडधाकट असतानाचं त्याचं तोंड जगात एकाच ठिकाणी शिल्लक होतं. त्या कपाटात."

"मी नुसता कारागिरांकडे दिला असता ना," शेठ अखेर बोललाच, "पण ते सुळा सरळ लावतात. सवयीनं. म्हटलं, स्वतःच बसू. रात्रभर बसलो. तीन वेळा वितळवलं. गाण्यानं पोट भरत नाही म्हणालो होतो मी त्याला, आणि इकडे त्याचा आवाज गेला ते मला माझ्या एका शाखेतून कळलं. तोंड झाकून आला होता, माझं नाव बघूनही आत आला, म्हणजे बघ. त्या दिवशी भांडण संपलं."

"मग मला का नाही सांगितलं? मी हातानं दिला असता जबडा!"

"त्यानं शपथ घातली. कुणालाच नाही सांगायचं, आणि तुला तर मुळीच नाही. त्यानं कागदावर लिहून दिलं होतं, 'तिनं माझा जबडा पहिल्यांदा जसा होता तसा उतरवला. तिनं तो अर्धा बघू नये.'"

दुधी पायरीवर बसली. 

"प्लेट सकाळीच बसली," शेठ म्हणाला. "नीट बसली. जबडा माझ्या गाडीत आहे, चाव्यासकट." तो थांबला. "तोही गाडीतच आहे. सकाळपासून. वर यायला तयार नाही."

खाली फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मॅडम आल्या होत्या.

६

मॅडमना नकल्याच्या खुर्चीत बसवून मंडळींनी उचलून वर आणलं होतं आणि मुकादम त्यांना चहा, पाणी, चौकशा यांत गुंतवत होती. दुधी मागच्या बाजूने गाडीकडे धावली.

गवई मागच्या सीटवर बसला होता. वाळला होता. डाव्या गालाला थोडा खड्डा, केस पिकलेले, मांडीवर प्लास्टरचा जबडा. तिला बघताच त्याने हात तोंडावर नेला.

दुधी दार उघडून त्याच्या शेजारी बसली. 'हात काढ' म्हणाली नाही. तिच्या दवाखान्यात पोरं अशीच तोंड घट्ट मिटून बसायची आणि त्यांच्यापुढे 'आ कर' म्हणून आजवर कुणाचं काही चाललं नव्हतं. त्यांच्यासाठी तिची एक युक्ती होती. आधी डॉक्टरने आ करायचा. पोराने डॉक्टरचे दात तपासायचे. आणि मग बघू.

"माझी खुशाली ऐकतोस?" ती म्हणाली. "अजून कुणाला सांगितली नाही. जबडा हातात घेऊन सांगायची असते, पण माझा वर आहे. तुझाच घेते."

तिने त्याच्या मांडीवरचा जबडा उचलला, हातात धरला, आणि तोंड उघडून ओठ बोटाने बाजूला ओढला.

"पडला. दुधाचा दात. महिना झाला. पन्नाशीला दुधाचा दात पडणारी मी जगातली पहिली बाई असेन. पोरांना सांगत असते, पडला तर नवा येतो. माझा कुठून येणार? नवरा म्हणतो, आता तरी मोठी हो. मी महिनाभर ओठ मिटून हसतेय रे, दातांची डॉक्टर असून! लाज वाटते. कशाची, तेही कळत नाही."

गवईने वाकून बघितलं. अगदी डॉक्टरसारखं, मान तिरकी करून, गंभीरपणे. आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. हात तोंडावर होता तो हळूहळू खाली आला.

रांग सोडून पुढे आलेला डावा सुळा जिथल्या तिथे होता.

दुधीने जबडा परत त्याच्या मांडीवर ठेवला. "हसतील त्यांचे दात दिसतील," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे मोकळी हसली, फटीसकट. "मी वर जाते. हजेरी सुरू होईल. तुला यायचं तर ये. नाही आलास तर जबडा शेठकडे पाठव, मी मॅडमना सांभाळून घेईन. पण एक सांगते. तुझा जबडा मी उतरवला होता तसाच बघायची मला काही हौस नाही. तू आलास की पुरे."

 ती जिना चढली तेव्हा मागे गाडीचं दार वाजलं नव्हतं.

७

खोली भरली होती. मॅडमनी चष्मा पुसला. त्यांना हजेरीला कागद लागत नसे.

"फट?"

"हजर, मॅडम," शेठ म्हणाला आणि दाराकडे बघत राहिला.

"आडवी दाढ?"

"हजर." मुकादमने आपला जबडा गुपचूप कपाटात सरकवला होता. चिकटवलेला दात किंचित वाकडा होता, पण मॅडमनी दुर्लक्ष केलं.

"दुधाचा दात?"

दुधी उभी राहिली. "पडला, मॅडम. पण हजर."

सगळी खोली खळखळून हसली, आणि ती सगळ्यांत मोठ्याने. नकल्याने टाळी वाजवली. "तरीच म्हटलं!"

"पडणारच. त्याचं काम झालं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. मग त्यांची नजर कपाटातल्या रिकाम्या जागेवर गेली आणि तिथेच थांबली. 

"डावा सुळा?"

मुकादमने दुधीचा हात धरला. शेठने डोळे मिटून घेतले.

"डावा सुळा?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"हजर, मॅडम."

आवाज दारातून आला. जरासा घोगरा, जरासा दमलेला, पण नाकातून नव्हे. स्वच्छ, घशातून, टाळूवरून आलेला. गवई दारात उभा होता आणि दोन्ही हातांत त्याचा जबडा होता.

मॅडमनी त्याला जवळ बोलावलं. पर्समधून छोटी बॅटरी काढली. सगळ्यांना वाटलं, आता काय होणार. पण गवईने न लाजता आ केला, दुसऱ्या वर्षाच्या मुलासारखा. मॅडमनी आत बघितलं, मग प्लास्टरच्या जबड्याकडे बघितलं, मग परत आत. बराच वेळ बघितलं. 

"सुळा वाकडाच लावलाय," त्या म्हणाल्या. "वळ्याही जिथल्या तिथे. कुणाचं काम?"

शेठने हात वर केला. नापास मुलगा करतो तसा, अर्धवट.

"फट, तू माझ्या मेणाच्या परीक्षेत नापास झाला होतास ना?"

"दोनदा, मॅडम."

"आता पास," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा काढून परत पुसायला लागल्या. या खेपेला तो पुसून होईना.

मग त्यांनी गवईला खुशाली सांगायला उभं केलं. त्याने जबडा छातीशी धरला, एकदा दुधीकडे आणि एकदा शेठकडे बघितलं, आणि बोलायला सुरुवात केली. सावकाश बोलत होता. एखादा शब्द अडला की थांबायचा, जीभ टाळूवर टेकवून बघायचा आणि तोच शब्द पुन्हा म्हणायचा. गेल्या दोन वर्षांचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "बाकी, भिंत अजून गळते." आणि ते त्याने गाऊन सांगितलं. एकच ओळ, खालच्या पट्टीत, आणि मध्ये सूर थोडा हललासुद्धा.

जबडा हातात आहे तोवर मध्ये बोलायचं नाही, अशी रीत होती. गवईने जबडा खाली ठेवला तरी बराच वेळ कुणी बोललं नाही. चहा केव्हाच गार झाला होता, आणि मुकादमने तो गरम करायला पाठवला नाही.